वजनाचा काटा आणि मनाचा धीर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील झोतभट्टी एकदा पेटविली की मोठ्या दुरुस्तीचा काळ सोडल्यास ती वर्षानुवर्षे चालूच राहते. सण असो, पाऊस असो, मध्यरात्र असो. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, कोक आणि चुनखडी ठराविक प्रमाणात तिच्या पोटात पडत राहतात, तप्त हवेचा झोत आत शिरत राहतो आणि ठराविक वेळी वितळलेले लोखंड बाहेर येते. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्ट्यांच्या आधाराने एक मोठे नगर वसले आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे आली. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातील मराठी कुटुंबांना हा प्रदेश परका वाटण्याचे कारण नव्हते.

या नगराच्या पहिल्या पिढीतील कामगार सायकलीवरून कारखान्यात जात. पाळी बदलण्याच्या वेळी सायकलींची रांग रस्त्यावरून वाहताना दिसे. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली. कारखान्यातील पुष्कळशी अंगमेहनत यंत्रांनी उचलली आणि अनेकांच्या वाट्याला नियंत्रणकक्षातील खुर्ची आली. श्रम हलके झाले ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ताटातील भात, पोळी आणि कपातील साखर मात्र श्रम कमी झाले म्हणून आपोआप कमी झाली नाही. जे भिलाईत घडले तेच थोड्याफार फरकाने नागपुरात, पुण्यात, इंदुरात आणि बडोद्यातही घडले.

या परिस्थितीत सापडलेल्या एका कामगाराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. हा माणूस कल्पित आहे, परंतु त्याची कहाणी प्रत्येकाने कोठे ना कोठे पाहिलेली आहे. वय बेचाळीस, उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. वडील मधुमेहाने अकाली गेलेले. वार्षिक तपासणीत याच्याही रक्तातील साखर वाढू लागल्याचे निघते आणि डॉक्टर वजन उतरविण्यास सांगतात. तो त्याच दिवशी निश्चय करतो. भात बंद, गोड बंद, पहाटे तासभर चालणे. लग्नाच्या वेळी वजन ६४ किलो होते, तेथपर्यंत जावयाचे असे तो ठरवितो. पहिल्या महिन्यात चार किलो उतरतात. घरीदारी कौतुक होते. दुसऱ्या महिन्यात दोन उतरतात, तिसऱ्यात जेमतेम अर्धा. चौथ्या महिन्यात काटा हलत नाही. रात्रपाळीचा आठवडा येतो, पाठोपाठ दिवाळी येते, नंतर नात्यातले लग्न. पुढच्या पावसाळ्यात काटा ८५ दाखवितो, आणि तो माणूस स्वतःविषयी एक निर्णय देऊन मोकळा होतो : आपल्यात मनोनिग्रहच नाही.

हा निर्णय बरोबर आहे काय? वजन उतरविण्याच्या दीर्घ प्रयत्नात धीर टिकविण्याचा सारा प्रश्न या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. कारण ज्याला आपला दोष मनाच्या दुबळेपणात दिसतो, तो पुढच्या वेळी अधिक कठोर प्रतिज्ञा करतो, आणि ती अधिक लवकर मोडते. ज्याला शरीराचे गणित समजते, तो प्रतिज्ञेऐवजी व्यवस्था करतो.

प्रथम हे पाहावे की हा प्रयत्न करावयाचा कशासाठी. दिसण्याचा प्रश्न येथे गौण आहे. भारतीय मनुष्याच्या बाबतीत वजनाचा काटा पुरता विश्वासार्हही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा देहभार निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि मेद अधिक असतो, तोही पोटाभोवती साठतो, असे या चित्राने एका दृष्टिक्षेपात जगाला दाखविले. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा युरोपीयांहून खाली धरतात. देहभार निर्देशांक २३ च्या वर गेला की सावध व्हावे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असा संकेत आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ज्याच्या वडिलांना तो होता, त्या कामगारापुढील प्रश्न किती खरा आहे हे यावरून कळेल.

आता गणिताकडे वळावे. अन्नातून मिळणारी आणि शरीराने खर्च केलेली शक्ती उष्मांकांत, म्हणजे लोक ज्याला कॅलरी म्हणतात त्या मापात मोजतात. एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. यावरून लोक सोपा हिशेब करतात : रोज ५०० उष्मांक कमी खाल्ले की पंधरवड्याला एक किलो उतरेल, आणि असेच अखेरपर्यंत उतरत राहील. हा हिशेब दोन्ही टोकांना चुकतो.

आरंभी तो चुकतो, कारण पहिल्या काही दिवसांत उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात व स्नायूंत शर्करेचा एक साठा असतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. आहार एकाएकी तोडला की प्रथम हा साठा खर्च होतो, पाणी निघून जाते आणि काटा झरझर खाली येतो. पहिल्या महिन्याचे कौतुक अंशतः या पाण्याचे असते. तोच वेग पुढे राहावा ही अपेक्षा मुळातच अवास्तव असते, आणि निराशेचे बीज तेथेच पेरले जाते.

पुढच्या टोकाला हिशेब चुकतो तो अशासाठी, की लहान झालेल्या देहाचा खर्चही लहान होतो. ८४ किलोचे ओझे घेऊन जिना चढण्यास जी शक्ती लागते, ती ७७ किलोला लागत नाही. अमेरिकेतील शास्त्रज्ञ केव्हिन हॉल यांनी २०११ साली या क्रियेचे गणित मांडले. त्यांच्या मांडणीनुसार रोजच्या आहारात सुमारे २४ उष्मांकांचा कायमचा फरक केला, तर अखेरीस साधारण एक किलोचा फरक पडतो. मात्र त्यातील निम्मा फरक दिसण्यास एक वर्ष आणि जवळजवळ सगळा दिसण्यास तीन वर्षे लागतात. हे गणित चहाला लावून पाहावे. एका चमच्यात पाच ग्रॅम साखर धरली तर दोन चमच्यांच्या चहात साखरेचे ४० उष्मांक असतात. दिवसाचे तीन चहा बिनसाखरेचे केले की १२० उष्मांक वाचतात, आणि बाकी काहीही न बदलता तीन वर्षांत सुमारे पाच किलोचा फरक संभवतो. महिन्याच्या मापाने पाहणाऱ्याला हा फरक दिसतच नाही. वर्षाच्या मापाने पाहणाऱ्याला तो मोठा वाटतो. वजन मोजण्याच्या काट्याइतकेच काळ मोजण्याचे मापही येथे महत्त्वाचे ठरते.

तथापि शरीर केवळ गणिताप्रमाणे वागून थांबत नाही. ते प्रतिकारही करते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. मेदाच्या पेशीच हे द्रव्य रक्तात सोडतात आणि साठा पुरेसा आहे असा निरोप मेंदूला पोहोचवितात. मेद घटला की हा निरोप क्षीण होतो. मेंदू भूक वाढवितो आणि खर्च आवरतो. जठरातून निघणारे घ्रेलिन हे दुसरे संप्रेरक भुकेची हाक अधिक मोठी करते. मेलबर्न येथे ५० स्थूल व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या अत्यंत कमी आहाराने त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले. परंतु एक वर्ष लोटल्यानंतरही त्यांच्या रक्तातील भुकेची संप्रेरके पूर्ववत झालेली नव्हती आणि भूकही पूर्वीपेक्षा अधिकच लागत होती. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांनी तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो वजन उतरविले. सहा वर्षांनी त्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा सरासरी ४१ किलो परत आलेले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा शक्तिव्यय त्यांच्या देहाच्या मानाने अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

याचा अर्थ इतकाच की वजन उतरविणारा मनुष्य उतारावरून चालत नसतो; त्याला चढ चढावा लागतो, आणि पहिल्या मैलानंतर तो चढ अधिक तीव्र होतो. चौथ्या महिन्यात भिलाईच्या त्या कामगाराला जी अनावर भूक लागली, तिच्यात त्याच्या शीलाचा काही दोष नव्हता. दुष्काळातून जीव वाचविण्यासाठी निसर्गाने जे शहाणपण देहात ठेवले आहे, तेच सुकाळात त्याच्या आड येत होते. भूक शमविणारी नवी औषधे २०२५ सालापासून भारतातही मिळू लागली आहेत आणि काही रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली त्यांचा मोठा उपयोग होतो. परंतु अशाच एका औषधाच्या चाचणीत ते थांबविल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचे दिसले. देहाचा प्रतिकार दीर्घकाळ टिकतो, हीच साक्ष त्यातूनही मिळते. मग प्रयत्नही दीर्घकाळ टिकेल असाच हवा, हे ओघाने आले.

दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रयत्नाला पहिली गरज असते ती योग्य साक्षीदाराची. केवळ काट्याची साक्ष मानली तर मनुष्य निराश होणारच. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ व्यक्तींवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आहार सुधारून वजनाच्या सात टक्के भाग उतरविणे आणि आठवड्यातून १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढेच उद्दिष्ट एका गटाला दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतातील ५३१ मध्यमवयीन व्यक्तींवर केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली, आणि ती तर अधिक बोलकी आहे. आहार व चालणे यांवर भर दिलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण सुमारे साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटले. त्या गटाचे वजन मात्र म्हणण्यासारखे उतरले नव्हते. काटा हलला नाही, तरी देहात हित घडत होते.

आता त्या कामगाराकडे पुन्हा पाहावे. ८४ किलोच्या सात टक्के म्हणजे सहा किलोही होत नाहीत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्याचे साडेसहा किलो उतरले होते. ज्या दिवशी तो हताश झाला, त्या दिवशी वडिलांच्या रोगापासून दूर नेणारे पुष्कळसे अंतर त्याने कापलेले होते. ६४ किलोच्या जुन्या छायाचित्राकडे पाहत राहिल्यामुळे त्याला हातातले यश दिसले नाही. अशा वेळी त्याने कमरेभोवतीची फीत, रक्तातील साखर, रक्तदाब, जिना चढताना लागणारी धाप आणि रात्रीची झोप या इतर साक्षीदारांना विचारले असते, तर उत्तर निराळे आले असते. काटा सोडून द्यावा असे नाही. आठवड्यातून एकदा, ठराविक दिवशी, सकाळी वजन करून ते वहीत लिहावे. परंतु निष्कर्ष एका आकड्यावरून न काढता महिन्याच्या चार आकड्यांवरून काढावा. शरीरातील पाण्यामुळे वजन रोजच्या रोज वरखाली होतच असते.

दुसरी गरज सवयीची. उत्साह हा पाहुणा असतो. सवय घरची असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ व्यक्तींना रोजच्या एखाद्या ठराविक प्रसंगाला जोडून एक लहानशी नवी कृती करण्यास सांगण्यात आले. उदाहरणार्थ, न्याहारीनंतर चालणे. ती कृती अंगवळणी पडण्यास मध्यम प्रमाणात ६६ दिवस लागतात असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. मात्र व्यक्तीव्यक्तींत हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. आणखी एक गोष्ट दिसली ती फार दिलासा देणारी आहे : मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या क्रियेत लक्षणीय बाधा आली नाही. म्हणजे ‘उद्यापासून सर्व काही’ या प्रतिज्ञेपेक्षा ‘कामावरून परतल्यावर, कपडे बदलण्यापूर्वी, वीस मिनिटे चालणे’ ही प्रतिज्ञा अधिक बळकट असते. तिला वेळ आहे, स्थान आहे, आधी घडणारी खूण आहे.

भिलाईसारख्या नगरात एक अडचण येते. पाळी बदलते तशी वेळही बदलते. ज्याचा आठवडा सकाळपाळीचा, पुढचा दुपारपाळीचा आणि त्यापुढचा रात्रपाळीचा, त्याने ‘रोज पहाटे पाचला’ असा नियम केला तर तो मोडण्यासाठीच केला असे होईल. त्याने सवय घड्याळाला न बांधता पाळीला बांधावी. कोणत्याही पाळीहून परतल्यानंतर चालणे, कोणत्याही पाळीला निघण्यापूर्वी घरचे पोटभर जेवण, आणि डबा घरचाच, हे तीन नियम तिन्ही आठवड्यांत पाळता येतात. रात्रीच्या खाण्याविषयी तर विशेष विचार करावा. बॉस्टन येथील संशोधकांनी १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळी करावयास लावली. ज्यांनी रात्रीही जेवण घेतले त्यांच्या रक्तातील शर्करा ६.४ टक्क्यांनी वाढली; ज्यांनी दिवसाच जेवणे घेतली त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. तो लहान होता, परंतु त्याची दिशा स्पष्ट आहे. रात्री दोन वाजता उपाहारगृहातील समोसा खाण्यापेक्षा मूठभर फुटाणे आणि ताक बरे. एका मोठ्या समोशात अडीचशे किंवा त्याहून अधिक उष्मांक असतात. अर्धा तास भरभर चालण्याने त्याच्या निम्म्याच्या आसपास खर्च होतात. मात्र जो मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतो त्याने जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नयेत. त्यात धोका आहे.

तिसरी गरज घराची. मराठी पंगतीत आग्रह हा आदराचा भाग मानला जातो. ‘एक तरी घ्याच’ असे म्हटल्याशिवाय यजमानाला चैन पडत नाही आणि ‘नको’ म्हटले तर तो मान राखला गेला नाही असे वाटते. या प्रेमापुढे मोठमोठे निश्चय वितळतात. आग्रह करणाऱ्याशी वाद घालण्याने काही साधत नाही. आधी भाजी, कोशिंबीर व वरण वाढून घ्यावे, गोडाचा एक घास मनापासून खावा आणि पानात जागा ठेवू नये. यजमानांनीही आग्रहाची रीत थोडी बदलावी. दुसऱ्या जिलबीचा आग्रह धरण्याऐवजी ताकाच्या दुसऱ्या वाटीचा धरावा. ज्याच्या घरी मधुमेह शिरू पाहतो आहे, त्याच्या पानात न वाढणे हेही प्रेमच होय.

येथे घरातील स्त्रीचा विचार सहसा राहून जातो. पुरुषासाठी निराळा स्वयंपाक करण्याचे काम तिच्यावर पडते, आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेले अन्नही तीच संपविते. तिच्या चालण्यासाठी वेळ कोणी राखून ठेवीत नाही. कंबरेची मर्यादा तिच्यासाठी अधिक कडक आहे, आणि धोका तिलाही आहे. म्हणून एकाचे पथ्य असे न ठरविता सर्व घराचा स्वयंपाक बदलावा : तांदूळ थोडा कमी, डाळ व उसळ अधिक, पातेल्यात तेल मापाने. उरेल इतके मुळात शिजवू नये. संध्याकाळी दोघांनी मिळून मैत्रीबागेकडे किंवा आपल्या सेक्टरच्या झाडांखालील रस्त्याने फेरी मारावी. भिलाईचा उन्हाळा कडक असतो, त्या दिवसांत सूर्योदयापूर्वी निघावे. सोबतीला कोणी वाट पाहत असेल तर घरी बसून राहण्याचा मोह निम्मा होतो.

या विचारात काही अगदी नवीन आहे असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल मनुष्याच्या उपचाराचा विचार केलेला आहे. त्याला पोटाला जड, म्हणजे भूक भागविणारे, परंतु पोषण थोडे देणारे अन्न द्यावे असा त्यातील सल्ल्याचा आशय आहे. पालेभाज्या, कोशिंबिरी आणि सालासकट कडधान्ये यांविषयी आजचा आहारशास्त्रज्ञ जवळजवळ तेच सांगतो. त्याच ग्रंथात अहितकारक सवय एकदम न तोडता क्रमाक्रमाने, चतुर्थांश चतुर्थांश करून सोडावी असेही सांगितले आहे. तीन चमचे साखरेवरून एकदम शून्यावर येणारा पुन्हा तिनावर जातो. दर महिन्याला अर्धा चमचा कमी करणाऱ्याची जीभ नकळत बदलते.

शेवटी चुकण्याविषयी. अमेरिकेत १९९४ साली रेना विंग आणि जेम्स हिल यांनी एक नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते किमान एक वर्ष राखलेल्या व्यक्तींची नावे तीत घेतली जात. ही संख्या पुढे दहा हजारांवर गेली. ती केवळ यशस्वी झालेल्यांची नोंद असल्यामुळे तिच्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवावे. परंतु त्या माणसांची राहणी पाहण्यासारखी आहे. बहुतेक जण रोज सरासरी तासभर चालण्यासारखा व्यायाम करतात, बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवीत नाहीत आणि बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन पाहतात. यात चमत्कार कोठेच नाही. आहे ती नित्यता, आणि वाढ थोडी असतानाच ती लक्षात येण्याची सोय. दोन किलो परत आले की सावध होणारा मनुष्य दहा किलोंपर्यंत पोहोचत नाही. यासाठी घसरल्यावर काय करावयाचे हे घसरण्यापूर्वीच ठरवून ठेवावे. दिवाळीचे चार दिवस फराळ होणारच. पाचव्या दिवशी डबा पूर्ववत भरला जाईल आणि चालणे सुरू होईल, एवढे लिहून ठेवावे. चुकीचा दंड म्हणून उपास करू नये. उपासानंतरची भूक तो दंड व्याजासह वसूल करते.

तेव्हा ८५ किलोवर परत आलेल्या त्या कामगाराला सांगण्यासारखे आहे ते हे. त्याचे मन दुबळे नव्हते. त्याने तीन वर्षांचे काम तीन महिन्यांचे समजून अंगावर घेतले होते. त्याने ६४ चा आकडा पुसून टाकावा आणि ७९ हा लिहावा. तेथे पोहोचल्यावर काही महिने केवळ तेथेच राहण्याचा प्रयत्न करावा, कारण राखणे हेही मिळविण्याइतकेच मोठे काम आहे. चहातील साखर, डब्यातील भाजी आणि पाळीनंतरचे वीस मिनिटांचे चालणे यांपासून आरंभ करावा. वहीत वजनाशेजारी कमरेचे माप लिहावे आणि दर सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, रक्त तपासून घ्यावे. कारखान्यात ज्याने झोतभट्टी पाहिली आहे त्याला हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. एका रात्री भरमसाट कोक टाकून कोणी भट्टी चालवीत नाही, आणि एका पाळीत काही बिघडले म्हणून ती कोणी विझवीतही नाही. पुढच्या पाळीचे लोक येतात, नोंदवही पाहतात आणि काम पुढे चालू ठेवतात.